खळ, कॉलर आणि हायड्रोजन

गिरणीच्या कापडाच्या काठावर एकेकाळी एक शिक्का असायचा: ‘सॅन्फोराइज्ड’. शर्टपीस घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दुकानदाराला हमखास दोन प्रश्न विचारायचं. रंग जाणार नाही ना, आणि धुतल्यावर आटणार नाही ना? पहिल्या प्रश्नाला दुकानदार आणाभाका घ्यायचा. दुसऱ्याला मात्र तो तागा उलटून काठावरचा शिक्का दाखवायचा आणि विषय संपायचा. शिक्का नसेल तर शिंपी बजावायचा, ‘आधी रात्रभर भिजवा, वाळवा आणि मग शिवायला आणा.’ तरीही घाई करून कोणी कोऱ्या कापडाचा शर्ट शिवलाच, तर पहिल्या धुण्यानंतर तो धाकट्या भावाच्या अंगावर जायचा.

या शिक्क्यामागे एक हाडामांसाचा माणूस होता. सॅन्फर्ड लॉकवुड क्लुएट, जन्म १८७४, गाव ट्रॉय, न्यूयॉर्क राज्य. शिक्षणाने तो सिव्हिल इंजिनिअर. रसायनशास्त्रातल्या एका अत्यंत दुबळ्या बंधाशी आयुष्यभर त्याची गाठ पडत राहिली. तशी ती त्याच्या अख्ख्या गावाचीच पडली होती.

हडसन नदीच्या पूर्वेच्या काठावर, राज्याची राजधानी ऑल्बनीपासून थोडं वर ट्रॉय वसलं आहे. इंजिनिअरिंग शिकवणारी अमेरिकेतली एक जुनी संस्था, रेन्सेलर पॉलिटेक्निक, इथे १८२४ मध्ये सुरू झाली. पण गावाला टोपणनाव मिळालं ते विद्येमुळे नव्हे, शर्टाच्या कॉलरमुळे. ‘कॉलर सिटी’ ही ओळख ट्रॉय आजही मिरवतं.

गोष्ट अशी सांगतात, की १८२७ मध्ये हॅना लॉर्ड मॉन्टेग्यू नावाची गृहिणी नवऱ्याचे शर्ट धुऊन कंटाळली. शर्ट बाकी स्वच्छ असायचा, मळायची ती फक्त कॉलर. तेवढ्यासाठी सगळा शर्ट धुवायचा, वाळवायचा, इस्त्री करायचा. तिने कात्री घेतली, कॉलर कापून काढली, धुतली आणि बंद लावून परत शर्टाला अडकवली. सुटी कॉलर जन्माला आली. दोनेक वर्षांत एबेनेझर ब्राऊन या निवृत्त धर्मोपदेशकाने गावातल्या बायकांकडून अशा कॉलरी शिवून घेऊन विकायला सुरुवात केली. विसावं शतक उजाडेपर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक सुट्या कॉलरी ट्रॉयमध्ये तयार होऊ लागल्या होत्या. मला या गोष्टीत नेहमी एक गंमत वाटते. धुण्याचा त्रास वाचवायला काढलेल्या या युक्तीतून हजारो बायकांना दिवसभर धुणं धुवायला लावणारा धंदा उभा राहिला.

कारण कॉलर शिवून भागत नव्हतं. ती ताठ हवी. गळ्याभोवती पुठ्ठ्यासारखी उभी राहणारी आणि चकचकीत. सुती किंवा लिननच्या चार पदरांना हा ताठा येतो कुठून? खळीतून. ट्रॉयच्या लाँड्र्यांमध्ये बायका कॉलरी उकळायच्या, ब्लीच करायच्या, निळीत बुचकळायच्या, खळीत मळायच्या आणि जड इस्त्र्यांखाली दाबून चमकवायच्या. दिवसाचे बारा-चौदा तास काम आणि आठवड्याला हातात दोन-तीन डॉलर. मग खळ लावायची नवी यंत्रं आली. काम वाढलं, हात भाजू लागले, मजुरी मात्र तेवढीच. फेब्रुवारी १८६४ मध्ये केट मुलानी या विशीच्या आतबाहेरच्या आयरिश मुलीने सुमारे ३०० जणींना एकत्र आणून संघटना काढली आणि चौदा लाँड्र्यांत संप पुकारला. आठवड्याच्या आत मालक नमले आणि मजुरी सुमारे पाव पटीने वाढली. स्त्रियांची टिकून राहिलेली पहिली अमेरिकन कामगार संघटना म्हणून इतिहासकार तिची नोंद घेतात. केट राहायची ते घर ट्रॉयच्या आठव्या रस्त्यावर अजून उभं आहे आणि १९९८ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे.

आता त्या खळ घातलेल्या कॉलरच्या आत शिरू.

कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी. कापसाच्या एका साखळीत दहा हजारांच्या घरात ग्लुकोजचे दुवे असू शकतात. अशा साखळीदार पदार्थांना पॉलिमर म्हणतात. साखळीतला एक दुवा पुढच्या दुव्याला पक्क्या रासायनिक बंधाने जोडलेला असतो. तिथे दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतात, आणि ही जोडणी पाण्याने, साबणाने किंवा इस्त्रीच्या उष्णतेने सहजासहजी तुटत नाही. पण एक साखळी शेजारच्या साखळीला कशाने धरते? तिथे असा पक्का बंध नाही. सेल्युलोजच्या प्रत्येक दुव्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या तीन जोड्या बाहेर डोकावत असतात. ऑक्सिजन मोठा अधाशी अणू. सामाईक इलेक्ट्रॉन तो आपल्याकडे ओढून घेतो आणि हायड्रोजन अर्धवट उघडा पडतो. त्याच्यावर थोडासा धन भार येतो. शेजारच्या साखळीवरचा एखादा ऑक्सिजन जवळ असेल, तर हा हायड्रोजन त्याच्याकडेही झुकतो. बांधलेला एका ऑक्सिजनशी, आणि ओढ दुसऱ्याची. हाच हायड्रोजन बंध.

त्याचं बळ किती? साखळीतला पक्का बंध तोडायला मोलमागे साडेतीनशे किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. हायड्रोजन बंधाला सुमारे वीस पुरतात. पक्का बंध हे रजिस्टर केलेलं खरेदीखत मानलं, तर हायड्रोजन बंध ही शेजाऱ्याशी केलेली उसनवारी आहे. आज दिली, उद्या परत घेतली, परवा दुसऱ्याच शेजाऱ्याला दिली. शिवाय अंतर आणि दिशा दोन्ही जुळावी लागतात. दोन ऑक्सिजनमधलं अंतर मिलीमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या पावणेतीन पटीएवढं हवं आणि मधला हायड्रोजन शक्यतो सरळ रेषेत हवा. जरा वाकडं झालं की पकड ढिली.

एकटा बंध असा कुचकामी. पण सेल्युलोजची साखळी सरळ असते आणि तिच्यावर या जोड्या ठराविक अंतराने ओळीने येतात. दोन साखळ्या शेजारी शेजारी निजल्या की हजारो ठिकाणी एकदम हात जुळतात. एक सुटला तरी बाकीचे धरून असतात, आणि सुटलेलाही जागचा हलू न शकल्यामुळे पुन्हा जुळतो. कापसाच्या धाग्यात साखळ्यांचा मोठा भाग असा शिस्तीत रचलेला, स्फटिकासारखा असतो. तिथे पाण्याचाही शिरकाव होत नाही. याचं सगळं श्रेय हायड्रोजन बंधाला देणं मात्र बरोबर नाही. साखळ्यांचे थर एकमेकांवर बसतात तिथलं निराळं आकर्षणही त्यात आहे. पाठ्यपुस्तकं हे बहुतेक वेळा गाळतात. या शिस्तीच्या पट्ट्यांच्या मधे विस्कळीत भाग असतो. तिथे साखळ्या कशाही पडलेल्या, बंध अधूनमधून, जागा मोकळी. आपल्या गोष्टीतल्या साऱ्या घडामोडी घडतात त्या याच विस्कळीत भागात.

खळीचंही तसंच. स्टार्च ही ग्लुकोजचीच साखळी, फक्त दुव्यांची जोडणी वेगळ्या कोनातून. त्यामुळे ती सरळ न राहता गुंडाळत जाते आणि बरीचशी फांद्यांचीही असते. दाण्यात घट्ट बसलेल्या या साखळ्यांत ६० ते ७५ अंश सेल्सिअसला पाणी घुसतं, दाणे फुगून फुटतात आणि पांढरट पाणी पारदर्शक, चिकट होतं. आपल्या घरी भाताच्या पेजेची किंवा साबुदाण्याची खळ करतात तेव्हा पातेल्यात नेमका हाच क्षण दिसतो. चमचा एकाएकी जड होतो. आता साखळ्या मोकळ्या झाल्या, त्यांच्यावरच्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्याही मोकळ्या झाल्या. सुती साडी तीत बुडवली की त्या साखळ्या धाग्यांच्या पृष्ठभागावर आणि फटींत जाऊन बसतात. साडी ओली असेपर्यंत लुळी असते, कारण प्रत्येक जोडीने पाण्याचा एकेक रेणू हाताशी धरलेला असतो. दोरीवर पाणी उडू लागतं तशा या जोड्या रिकाम्या होतात, आणि रिकामी झालेली जोडी जवळ जे सापडेल ते धरते. स्टार्च सेल्युलोजला, सेल्युलोज सेल्युलोजला, स्टार्च स्टार्चला. वाळलेली साडी दोरीवरून काढताना फळीसारखी उभी राहते, ती यामुळे.

इस्त्री करताना परीट आधी पाणी शिंपडतो, तेही उगाच नव्हे. अगदी कोरडं सेल्युलोज दोनशे अंशांच्या वर तापवल्याशिवाय त्याच्या साखळ्या हलायला तयार नसतात, आणि तेवढं तापवलं तर कापड करपायची भीती. पण पाण्याचे रेणू साखळ्यांच्या मधे शिरले, की तेच काम खूप कमी तापमानाला होतं. पाणी जुने हात सोडवतं, इस्त्रीचं वजन साखळ्यांना सपाट बसवतं आणि इस्त्रीची धग पाणी हाकलून देते. साखळ्या आहेत त्या जागी नवे हात धरतात. कपडा ‘कडक’ होतो. मग मुंबईच्या जुलैत लोकलच्या गर्दीत घाम आणि दमट हवा उलट दिशेने तेच काम करतात. कोपरापाशी बाही दुमडलेली असते, ओलाव्याने बंध सुटतात, आणि ऑफिसात पंख्याखाली वाळताना दुमडलेल्या अवस्थेतच पुन्हा जुळतात. सुरकुती हीसुद्धा एक प्रकारची इस्त्रीच आहे, फक्त आपल्याला नको असलेली.

ट्रॉयचा धंदा पाण्याने सुटणाऱ्या आणि पाणी गेल्यावर जुळणाऱ्या या बंधावर चालला होता. कॉलर घामाने, पावसाने मऊ पडणार, म्हणून ती परत लाँड्रीत येणार, म्हणून खळवालीला काम मिळणार. हा बंध कायमचा असता तर लाँड्र्यांना काम उरलं नसतं.

तसे प्रयत्न झालेही, आणि गंमत म्हणजे तेही सेल्युलोजचेच. वॉल्टर हंट या न्यूयॉर्कच्या संशोधकाने, सेफ्टी पिन शोधणारा तोच हा, १८५४ मध्ये कागदी कॉलरचं पेटंट घेतलं. कागदात धाग्यांना विणून धरणारं काही नसतं. लगदा पाण्यात पसरायचा, पाणी निथळू द्यायचं, दाबून वाळवायचं. पाणी जाता जाता तंतूंना एकमेकांजवळ ओढतं आणि ते हायड्रोजन बंधांनी चिकटतात. कागदाचं बळ मुख्यतः त्यातच, आणि म्हणून साधा कागद भिजला की त्याचा पुन्हा लगदा व्हायला वेळ लागत नाही. कागदी कॉलर धुवायची नसते, मळली की फेकायची. १८६९ मध्ये मुलानीच्या संघटनेने पुन्हा संप केला तेव्हा या स्वस्त कॉलरी बाजारात होत्या. तो संप फसला, आणि पुढच्याच वर्षी संघटना मोडली. फसण्यामागे मालकांची एकजूट होती, पैशाचं बळ होतं. पण धुवावी न लागणारी कॉलर बाजारात असताना धुणाऱ्यांच्या संपाची धार बोथट होणारच.

दुसरा प्रयत्न शेजारच्या ऑल्बनीतला. जॉन वेस्ली हायट तिथे बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधत होता. १८७० च्या सुमारास त्याने नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेलं सेल्युलोज कापरात कालवून सेल्युलॉइड बनवलं. या प्रक्रियेत दर दुव्यावरच्या तीन जोड्यांपैकी जवळपास दोन नायट्रेटच्या टोपीखाली झाकल्या जातात. पाण्याला धरायला हातच उरत नाहीत. सेल्युलॉइडची कॉलर पावसात मऊ पडत नसे, संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसली की काम झालं. प्रवासी विक्रेते, कारकून, इंजिन ड्रायव्हर यांची ती लाडकी झाली. फक्त सिगारेटची ठिणगी पडू देता कामा नये, कारण नायट्रेट लावलेलं सेल्युलोज भडकन पेटतं. आणि ती घालून मोठ्या मेजवानीला जाणं कमीपणाचं. प्रतिष्ठा खळीच्या कॉलरलाच राहिली. क्लुएट, पीबडी आणि कंपनी ही ट्रॉयची बडी पेढी तिच्या ‘ॲरो’ कॉलरसाठी चित्रकार लायेंडेकरकडून रुबाबदार तरुणांची चित्रं काढून घ्यायची. १९०५ पासून पुढची पंचवीस वर्षं त्या चित्रांनी अमेरिकन पुरुषाला कसं दिसावं ते शिकवलं.

मग पहिलं महायुद्ध झालं. लष्करात मऊ, जोडलेल्या कॉलरचे शर्ट घालायची सवय लागलेले तरुण घरी परतले आणि गळ्याला फास लावून घ्यायला तयार होईनात. सुट्या कॉलरची मागणी ओसरली. कॉलरवाल्यांना शर्ट विकायचे होते, आणि तिथे जुनी अडचण नव्या रूपाने उभी राहिली. गळा ४० सेंटिमीटरचा आणि कापड पाच टक्के आटणारं, म्हणजे धुतल्यावर दोन सेंटिमीटर गेले. श्वास घेता येईना. मोठ्या मापाचा शर्ट घ्या आणि आटण्याची वाट पाहा, असं गिऱ्हाइकाला सांगून ब्रँड चालत नाही.

सॅन्फर्ड क्लुएट १८९८ मध्ये रेन्सेलर पॉलिटेक्निकमधून पदवीधर झाला, काही वर्षं गवतकापणी आणि पीककापणीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात रमला आणि १९१९ मध्ये घराण्याच्या या कंपनीत आला. हडसन आणि मोहॉक नद्यांच्या संगमावर, ट्रॉयसमोर, पीबल्स आयलंड नावाचं बेट आहे. कापड ब्लीच करायचा कंपनीचा कारखाना तिथे होता. क्लुएटने पाहिलं, की कोऱ्या कापडाला कारखान्यात सगळीकडून ओढच बसते. विणताना उभे धागे ताणलेले. पुढे धुणं, ब्लीच, रंग, सगळं लांबच लांब पट्टा यंत्रांतून खेचतच होतं. आणि शेवटी ताणलेल्या अवस्थेतच ते वाळवतात.

वाळवणं म्हणजे बंध जुळणं, हे आपण पाहिलं. ताणून वाळवलेल्या कापडात साखळ्यांनी ताणलेल्या जागीच एकमेकींना धरलेलं असतं. घरी बादलीत बुडवलं की विस्कळीत भागात पाणी शिरतं, हात सुटतात आणि कोंडलेला ताण मोकळा होतो. एवढ्यावर ते थांबत नाही. पाणी प्यालेला कापसाचा तंतू जाडीत चांगलाच फुगतो, लांबीत मात्र फारसा वाढत नाही. आडवे धागे जाड झाले की त्यांच्यावरून-खालून नागमोडी जाणाऱ्या उभ्या धाग्याला वळसा मोठा पडतो. धागा तेवढाच, वळसे मोठे, म्हणून कापड आखूड. वाळल्यावर नव्या बंधांनी हीच अवस्था पक्की होते. कापड आटतं म्हणजे धागा फारसा आटत नाही, तो जास्त वळसे घेऊ लागतो. हे कापडाचं मूळ माप. कारखान्याने दिलं होतं ते माप उसनं होतं.

क्लुएटचा विचार सरळ होता. कापड पुढे जे करणारच आहे ते आपणच आधी करून द्यावं. पण लांबीच्या दिशेने ढकलायचं कसं? कापड ओढता येतं, ढकललं की त्याच्या चुण्या पडतात. त्याने काढलेली युक्ती समजायला एक जाड खोडरबर घ्यावा आणि बोटावर वाकवावा. वाकताना रबराची बाहेरची बाजू ताणून लांब होते, सरळ होताना ती परत आखडते. क्लुएटने रूळावरून जाणारा जाड घोंगडीचा पट्टा घेतला (पुढे त्याची जागा जाड रबराने घेतली) आणि वाफेने ओलसर केलेलं कापड पट्ट्याच्या ताणलेल्या बाहेरच्या बाजूवर ठेवलं. रूळ ओलांडून पट्टा सरळ झाला की त्याचा पृष्ठभाग आखडतो, आणि त्याला चिकटून दाबलेलं कापडही सोबत आखडतं. वरून तापलेला सिलिंडर असल्याने चुणी पडायला जागा नाही. आडवे धागे एकमेकांजवळ सरकतात, उभे धागे वळसे घेतात. लगेच गरम सिलिंडरवर वाळवलं की बंध त्या आखडलेल्या अवस्थेत जुळतात. किती आखडायचं हे आधी नमुन्याचा तुकडा धुऊन मोजायचं आणि यंत्र त्याप्रमाणे लावायचं. त्यानंतर कापड एक टक्क्याहून कमी आटेल, अशी हमी देता आली.

या प्रक्रियेत कापडावर कुठलंही रसायन चढत नाही. पाणी, उष्णता आणि एक चलाख वाकण. १९३० च्या सुमारास पेटंट झालं आणि कंपनीने ते स्वतःच्या शर्टांपुरतं न ठेवता जगभरच्या गिरण्यांना परवान्यावर दिलं. शिक्का वापरायचा तर मालाची तपासणी करून घ्यावी लागे. पुढे त्या शिक्क्याची कमाई शर्टांच्या तोडीची ठरावी, हे ट्रॉयच्या जुन्या कॉलरवाल्यांना स्वप्नातही सुचलं नसतं. बेटावरचा कारखाना १९७२ मध्ये बंद झाला. आता तिथे राज्य उद्यान आहे.

परवान्यावरचा हा शिक्का आपल्याकडच्या गिरण्यांतही आला आणि जाहिरातींत मिरवू लागला. आज इचलकरंजी-भिवंडीच्या प्रोसेस हाउसमध्ये याच जातीच्या यंत्राला ‘झिरो-झिरो’ म्हणतात, म्हणजे उभं-आडवं दोन्हीकडे आटणं शून्य. शून्य ते नसतंच, पण व्यापाऱ्याला शून्य ऐकायला बरं वाटतं. त्याच कापडाचा आधीचा टप्पा सायझिंगचा, हातमागवाल्यांच्या भाषेत पांजणीचा. विणताना घासून तुटू नयेत म्हणून उभ्या धाग्यांना खळ चढवायची, आणि विणून झालं की ती धुऊन काढायची. हायड्रोजन बंध कच्चा नसता तर हा दुसरा भाग शक्यच नव्हता. कापसाच्या तंतूचा शास्त्रीय अभ्यास करणारी प्रयोगशाळा मुंबईत माटुंग्याला १९२४ मध्ये निघाली, म्हणजे क्लुएट त्या बेटावर डोकं खाजवत होता त्याच दशकात.

ते दशकच मोठं मजेशीर होतं. हायड्रोजन असा दोन अणूंमध्ये अडकू शकतो, हे लॅटिमर आणि रोडबुश या दोघांनी कॅलिफोर्नियातून १९२० मध्ये मांडलं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये हेरमान स्टाउडिंगरने कापूस, रबर वगैरे पदार्थ म्हणजे प्रचंड लांब रेणू आहेत असं लिहिलं, तर मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ त्याला हसले. त्याला नोबेल मिळायला १९५३ उजाडलं. लायनस पॉलिंगचं रासायनिक बंधांवरचं पुस्तक, ज्याने हायड्रोजन बंध सर्वांच्या तोंडी आणला, ते १९३९ चं. म्हणजे लांब साखळ्या खरंच असतात का यावर विद्वानांचा वाद चालू असताना एका सिव्हिल इंजिनिअरने त्या साखळ्यांना हवं तिथे हात धरायला लावून दाखवलं होतं.

सुरकुती मात्र क्लुएटला सुटली नाही, कारण ती या बंधाच्या स्वभावातच आहे. तिचा बंदोबस्त न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकानंतर केला. त्यांनी सेल्युलोजच्या शेजारी साखळ्यांना लहान रेणूंच्या पक्क्या रासायनिक पुलांनी जोडलं. आता पाणी येवो, घाम येवो, साखळ्या मूळ जागी परततात आणि शर्ट इस्त्रीशिवाय चालतो. पण पक्क्या बंधाची किंमत मोजावी लागते. ओढ बसली की साखळ्यांना सरकून ताण वाटून घेता येत नाही, म्हणून कापड लवकर फाटतं. शिवाय त्यासाठी वापरलेली बरीच रसायनं फॉर्मल्डिहाइड सोडायची आणि त्यावर वेगळे उपाय शोधावे लागले. मला विचाराल तर रोज घालायचा सुती शर्ट थोडा चुरगळलेलाच बरा.

पुढच्या रसायनशास्त्रज्ञांनी हे बंध जाणूनबुजून कामाला लावले. १९३५ मध्ये ड्युपाँट कंपनीत कॅरदर्सच्या गटाने नायलॉन केलं. पॉलिथीनसारख्याच साध्या साखळीत त्यांनी ठराविक अंतराने नायट्रोजनचे गट बसवले, शेजारच्या साखळीशी हायड्रोजन बंध करणारे. पॉलिथीन १३० अंशांच्या आसपास वितळतं, नायलॉन सुमारे २६५ ला. १९६५ मध्ये तिथेच स्टेफनी क्वोलेकने केव्हलार शोधलं. त्यातल्या ताठ साखळ्या याच बंधांनी एकमेकींशेजारी पत्र्यासारख्या बसतात आणि गोळी अडवणारी जाकिटं होतात. १९९७ मध्ये हॉलंडच्या आइंडहोव्हनमध्ये बर्ट मेयरच्या गटाने एकाच जागी चार-चार हायड्रोजन बंध ओळीने करणारं टोक तयार केलं. छोटे रेणू त्या टोकांनी जुळून स्वतःच लांब साखळी होतात आणि तापवले की पातळ होतात. २००८ मध्ये पॅरिसमध्ये लुडविक लाइब्लरच्या गटाने वनस्पती तेलातली आम्लं आणि युरिया यांपासून असं रबर केलं, की कापलेले दोन तुकडे खोलीच्या तापमानाला टोकाला टोक लावून धरले तर परत जुळतात. मात्र ते ताबडतोब धरावे लागतात. बराच वेळ वेगळे ठेवले तर कापलेल्या टोकांवरचे मोकळे हात आपल्याच बाजूला जोडीदार शोधून घेतात.

क्लुएट स्वतः १९६८ पर्यंत जगला, आणि ऐंशीच्या पुढेमागे त्याने आणखी एक उद्योग केला. कागद ताणला जात नाही, झटका बसला की फाटतो, कारण त्याचे तंतू वाळताना ताठ अवस्थेत एकमेकांना धरून बसलेले असतात. मग कागदालाही तीच वागणूक दिली तर? कागद बनवण्याच्या यंत्रातच, लगद्याचा पट्टा अजून ओलसर असताना, तो आखडणाऱ्या रबरी पट्ट्यावर दाबायचा. तंतू किंचित दुमडतात, वाळताना त्या दुमडीतच बंध जुळतात. असा कागद ओढला की फाटण्याआधी बराच ताणला जातो. या कागदाचं व्यापारी नाव ‘क्लुपॅक’. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तो बाजारात आला. पीठ, खत, सिमेंट अशा जड मालाच्या पोत्यांना त्याचा उपयोग झाला. ट्रकवरून पोतं आपटलं तरी फुटत नाही.

आपल्याकडे सिमेंटची पोती बहुतेक विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची. त्या साखळीत नुसते कार्बन आणि हायड्रोजन, ऑक्सिजन एकही नाही. हात धरणारं कोणी नसल्यामुळे पाण्याला शिरायलाही जागा नाही. पोतं पावसात मऊ पडत नाही, वाळल्यावर कडकही होत नाही. फक्त शिवणीतून पाणी आत गेलं की सिमेंटचा दगड होतो. त्यातल्या जोडणीतही पाणी लागतं, पण एकदा जुळलेलं सिमेंट पुन्हा भिजवून सुटत नाही.